दोन डोळ्यांतलं अंतर

३ मार्च, ताइनान, तैवान
पिलू ठणठणीत आहे. पशुवैद्यांनी सकाळी स्वतः पाहून सांगितलं. वीतभर लांबीचा लाल ड्रॅगन मासा, आणि त्याला भरवायचं काम माझं. खोली हवेशीर, खिडकीशी मोहरलेला आंबा. मालक काउसाहेब वरच्या मजल्यावर अंथरुणाला खिळलेत. असा मासा धन्याचं दुखणं आपल्या अंगावर घेतो. मागच्या माशानं त्यांचा हृदयविकार घेऊन प्राण सोडला. घर सांभाळणाऱ्या शुमान मावशी म्हणाल्या, यी-छिंग, त्यांचं जेवण माझ्याकडे, जीव तुझ्याकडे. माझ्याआधी मासा भरवणाऱ्या मुलीचे रबरी हातमोजे दिले. डाव्याची शेवटची दोन बोटं मुळाशी शिवलेली. फाटली असतील.

५ मार्च
दिवसातून तीनदा घास. कोळंबीचं डोकं, काटा, पाय काढायचे. रातकिड्याच्या मागच्या तंगड्या मोडायच्या, नाहीतर आतडं कापतं. तुकडा माशाच्या दोन डोळ्यांतल्या अंतराहून मोठा नको. आणि रोज पदार्थ बदलायचा. पिलाला एकच चव लागली की ते दुसरं तोंडात घेत नाही. मावशी म्हणाल्या, नवऱ्याचे एवढे लाड केले असते तर मेला पळून गेला नसता.

८ मार्च
हातमोजे अडचणीचे वाटले म्हणून उघड्या हातांनी कोळंबी सोलली. काटा डाव्या करंगळीत घुसला. रक्त पुसायच्या आत तुकडा पाण्यात पडला आणि पिलानं झडप घातली. दुपारी मालक तीन आठवड्यांनी उठून बसले, पेज मागितली.

१० मार्च
मासा रातकिडे थुंकतो. अळ्या, बेडकं, कोळंबी, सगळंच. यावर उपाय ठरलेला आहे: तीन दिवस उपाशी ठेवा, भूक नखरे मोडते. आजपासून घास बंद.

११ मार्च
मालकांचा श्वास अडकू लागला. मावशी खाली आल्या. हसल्या नाहीत. म्हणाल्या, पोरी, थेंबभरानं कुणी मरत नाही.
बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब दिला. मासा जेवला. वर मालकांचा श्वास मोकळा झाला.

१५ मार्च
थेंब पुरत नाही. मावशी रोज डुकराच्या काळजाचं सूप आणून समोर बसतात. वाटी रिकामी झाल्याशिवाय उठत नाहीत. रक्त भरलं पाहिजे म्हणतात.

१८ मार्च
मालक स्वतः जिना उतरून आले. माझ्या हाताकडे बघत म्हणाले, अंगानं छान भरलीस हो. फाटकाला कुलूप आहे. किल्ली मावशींच्या कमरेला.

२० मार्च
रक्तात बुडवलेली कोळंबीही माशानं थुंकली. काचेला तोंड लावून माझ्या हाताबरोबर फिरतो. मागची मुलगी कुठे गेली, असं मावशींना विचारलं. म्हणाल्या, तिचा मासा वाढत गेला ना.

२१ मार्च
हातमोजे धुऊन वाळत घातलेत. कुणी, ठाऊक नाही. मावशी सुरीला धार लावतायत. म्हणाल्या, भिऊ नकोस, करंगळीचं एकच पेर. मालकांचा श्वास पुन्हा —

२२ मार्च
काचेवरून मोजलं. दोन डोळ्यांत करंगळीच्या जाडीएवढं अंतर. वर्षभरात मनगटाएवढं होईल. फाटक अजून —
जिन्यावर मावशी. सूपाची वाटी नाही हातात. दुपारच्या घासाची वेळ झाली, आता त्या दार