यांच्या झाडाला आलेली फुलं

ऊर्मिला,

कुकर झाला आहे, वरणाला तेवढी फोडणी दे. मी शेजारच्या फ्राउ लांगेंच्या गाडीतून फांद्या टाकायला गेले आहे. हे गेल्यावर यांच्या नावाने लावलेलं वाखोल्डरचं, ते सुरूसारखं झाड आज सकाळी मीच कापलं. हृषिकेशची करवत पुसून खाली तळघरात, केलरमध्ये ठेवली आहे.

ओवी झाली तेव्हा लावलेल्या नाशपतीवर तांबेरा पडलेला मला दिसत होता. गव्हावरचा तांबेरा बघण्यात जन्म गेला माझा. पण हा यांच्या झाडावरून येतो, हे कुठून कळणार? काल ओवीच बोलून गेली, "आजी, ती फुलं नाहीयेत, पिल्झ आहे, बुरशी! तीच नाशपतीवर जाते. मम्माला माहितीये. पण तुला नाही सांगायचं." तिला रागावू नकोस.

दोन वर्षं पावसात उमललेली ती केशरी फुलं मी वाटीत घालून यांच्या फोटोपुढे ठेवली. झाड फुललं म्हणजे हे सुखात आहेत, असं तुलाच सांगत होते. तू "हो आई" म्हणायचीस, आणि दुपारी माझा डोळा लागला की नाशपतीची डागाळलेली पानं खुडायचीस.

तोंडाने सांगता आलं नसतं, म्हणून तूच शिकवलेल्या अक्षरांत लिहिते. वाटी घासून ठेवली आहे.

हे सकाळी गेले, तेव्हाही तू आणि हृषिकेशने मला संध्याकाळी सांगितलंत. दुपारी मी दवाखान्यात न्यायला यांच्यासाठी पेज करून डबा भरला होता. यापुढे मला लगेच सांगत जा, बाई.

आई