गिरणीचे नऊ मूक दिवस

२ एप्रिल
भूगर्भाचा अभ्यास करणाऱ्या आमच्या नातीने, चि. मुक्ताने, काल परसात, पेरूखाली, गुडघाभर खड्डा घेऊन भूकंपमापक पुरला. दुसरा रफिकभाईंच्या पिठाच्या गिरणीमागे. दुष्काळाचे दुसरे वर्ष, आणि गारखेड्यात मजल्यांवर मजले चढत आहेत. गल्लीच्या सामायिक बोअरला दिवसाआड तासभर पाणी. शेजाऱ्यांना त्या बोअरला लागूनच हजार फुटांची नवी बोअर हवी. नात म्हणते, वरच्या भेगाळ खडकात पाणी उरले असेल, तर खोल बोअर तेही ओढून नेईल. मेअखेर बैठक. तोवर यंत्रांची नोंद अखंड हवी. राखण माझ्याकडे. शब्द दिला.

४ एप्रिल
मुक्ताने समजावले ते असे. जमिनीतली लाट भेगांवर आपटून विखुरते. थेट लाट येते आणि जाते. विखुरलेली मात्र त्याच भेगांतून पुन्हा पुन्हा फिरून मागाहून पोहोचते. म्हणून पाण्यातला लहानसा बदलही तिच्या वेळेत उमटतो. पाणी उतरले, की ती किंचित लवकर येते. मुक्ता तिला ‘शेपूट’ म्हणते. मी ‘अनुकंप’ सुचवला.
“आजोबा, शब्द छान आहे. पण शेपूट लक्षात राहतं.”
राहते खरे. लाट मुळात निघते कुठून, हे विचारायचे राहिले.

१९ एप्रिल
मुक्ता कामासाठी पुण्यास. आज गिरणी सुरू होताच परसातली जमीन हलल्याचे जाणवले. एवढ्या गोंगाटात यंत्रास पाण्याची हालचाल काय कळणार? रफिकभाईंकडे गेलो. सिल्लोडचा, माझा जुना विद्यार्थी.
“मुक्ताबेटीचं काम हाय ना, सर? मग बंद! दळण शहागंजात भाच्याच्या गिरणीतून करून आणतो. हौ, काय बी टेन्शन नको.”
घरातही बंदोबस्त. खलबत्ता उचलून ठेवला. सौ.ला हळू चालण्याची विनंती.
“मी काय हत्ती आहे?”

२८ एप्रिल
मुक्ता आली, नोंद उतरवून घेतली. आलेख पुन्हा पुन्हा मागेपुढे सरकवला.
“आजोबा, नऊ दिवस गिरणी बंद होती?”
सर्व सांगितले, थोड्या अभिमानानेच. तिने संगणक मिटला.
“अहो, गिरणीचीच थरथर तर मी मोजत होते. रोज तीच गिरणी, तेच हादरे. म्हणून तर कालच्या शेपटाशी आजचं ताडून बघता येतं.”
आतून सौ.: “आणि मी नऊ दिवस चवड्यांवर चालले!”
मुक्ता हसली, मग रडली. नेमक्या याच नऊ दिवसांत बोअर तासावरून अर्ध्या तासावर आली. खडक आटला, की मोटार थकली? उत्तर त्या नोंदीत असते. क्षमा मागितली. तिने माझा चष्मा पुसून दिला.

३० एप्रिल
गिरणी पूर्वीसारखीच, पूर्ण भाराने चालावयास हवी. रफिकभाई: “चालवतो की. पण दळण कुठंय? गिऱ्हाईक भाच्याकडंच वळलं.” हेही माझेच कर्तृत्व. घरोघर गेलो.
“सर, आदी बंद करायला लावली, आता चालू करायला लावता. लई झालं हां!”
असे म्हणत प्रत्येकाने ज्वारीचा डबा दिला. आम्हीही पोतेभर ज्वारी दळायला टाकली; घरात पीठ इतके, की सौ. येईल त्याच्या हाती भाकरी देते.

३१ मे
बैठक. मुक्ताचा आलेख, मध्ये नऊ दिवसांची रिकामी जागा.
एक शेजारी: “मंग पाणी हाय का नाय, तेवढं सांग पोरी.”
“आज सांगितलं तर तो अंदाज होईल, काका. पंधरा दिवस द्या.”
कुजबुज. बोअरची गाडी दुसरीकडे जाईल, वगैरे. मी उभा राहिलो. म्हणालो, ती रिकामी जागा माझी आहे. जन्मभर इतरांच्या चुकांखाली तांबडी रेघ ओढली. स्वतःची चूक भर सभेत दाखवताना पाय थरथरले.
रफिकभाई: “सर, हळू! यंत्रात नोंद होईल.”
सगळे हसले. पंधरा दिवस मिळाले.

१४ जून
उद्या मुदत संपते. पाऊस नाही. गिरणीपुढे डब्यांची रांग. मुक्ता सकाळपासून संगणकापुढे, शेपटाला शेपूट जुळवीत.
“पाणी उतरले का गं?”
“आजोबा, आजचं दळण तर होऊ दे.”
अनवाणी पेरूखाली जाऊन उभा राहिलो. सौ.ही आली, या खेपेस टाचा पूर्ण टेकवून. गिरणी सुरू झाली. थरथर तळव्यांत आली, गेली. मागाहून येणारी मला कळत नाही, हे ठाऊक आहे. तरी दोघे तिथेच थांबलो.