सव्वा तासावरचं पुणे

साकोली, १ जून २०२५

चि. जीवन यास अनेक आशीर्वाद व जयभीम.

फोनवर मी बोलायला लागले की तुझं नेटवर्क जातं, म्हणून लिहिते. कागद मध्येच कापता येत नाही.

आईचं बावीस तारखेचं विमानाचं तिकीट काढून मोकळा झालास आणि मग मला, थोरल्या बहिणीला, कळवलंस! म्हणे नागपूर-पुणे सहाशेवीस किलोमीटर, सव्वा तासात आई दारात. कोणाच्या दारात? आंबागडहून तुमसरची बस आली तर येते. तिथून भंडारा, मग शहापूरवरून नागपूर, मग विमानतळावर दोन तास बसून राहा. पुण्यात उतरल्यावर तुझ्या घरापर्यंत आणखी दीड तास, हे दिवाळीत तूच रडत सांगितलंस. बहात्तर वर्षांचे गुडघे या हिशेबात कुठे धरलेस? आकाशात अंतर मोजणाऱ्याला जमिनीवरची माणसं दिसत नाहीत!

खरं कारण तरी लिही. तृप्तीची बाळंतपणाची रजा संपत आली, बाळाजवळ माणूस हवं. आई म्हणजे पार्सल नव्हे.

तृप्तीवर राग नाही. बाळाचा पापा.

रागातही तुझीच,
दामिनीताई

पुणे, ८ जून २०२५

ती. ताईस सविनय जयभीम, वि. वि.

भाषण पोचलं. तृप्तीने मोठ्याने वाचलं, बाळ दचकून उठलं.

बाळासाठी आई हवी, हे खरंच. पण गेल्या महिन्यात ती अंगणात पडली, ते मला शेजारच्या गोदावरीबाईंनी कळवलं आणि तुला मी. साकोलीहून आंबागडला तुला दोन बस आणि तीन तास. शेवटची गेलीस मार्चमध्ये. मग जवळ कोण, ताई? न्यायला मी स्वतः येतोय. तू विमानतळावर भांडायला तरी ये.

माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
जीवन

आंबागड, १५ जून २०२५

जीवन आन् दामिनी, दोघायलेही आशीर्वाद, जयभीम.

दामिनी आज पयल्या बसनं आली. जीवनचं पत्र वाचून दाखवलं, आपलं तं तोंडपाठच होतं. दोघायनं किलोमीटर मोजले, तास मोजले. मले काहून कोनी इचारलं नाही? मी का तांदळाचं पोतं आहो? एक म्हणते उचल, दुसरी म्हणते ठेव! साठीत अक्षरं गिरवली, ते गप्प बसासाठी नाही.

आन् मी पडली ते गोदावरीच्या कोंबडीमांगं धावताना. म्हातारपनानं नाही.

मी येतो. नातवाले पाहाची मलेच घाई हाये. विमानाचं भेव नाही. पन दहा जुलैले पौर्णिमा हाये, विहारात वर्षावास बसते. तीन महिने ग्रंथ वाचाचं काम औंदा बायायनं मले देल्लं. बोट ठेवून रोज दोन पानं वाचून राहिली. ते काम मी सोडत नाही.

दामिनीच्या फोनात तिकीट मी सोता वाचलं. जाची तारीख हाये, येची कोठीच नाही. तूनं काढली नाही, न हिनं एवढी भांडली तरी पाहिली नाही.

जीवन, नागपूरहून पुणं सव्वा तास, ते समजलं. पुण्याहून आंबागड किती तास लागते, ते लिहून पाठव. सात जुलैचं वापस येचं तिकीट दिसलं का मी थैली भरतो.

लोभ हायेच, तो मांगाची गरज नाही.

तुमची आई,
मंगलाबाई