मुकादमाचा श्रावण

२० जुलै, रविवार
शेल्टरमधून कुत्रा आणला. बंगल्याला राखण हवी होती. तरुण, दांडगे कुत्रे पुष्कळ होते, पण सगळे अंगावर उड्या मारत होते. हा एकटा कोपऱ्यात शांत बसून. वय अकरा, नजर अधू, कान गेलेले, दात मोजके. तिथली मनिषा म्हणाली, नाक मात्र शाबूत आहे. घ्यावा तर अनुभवी माणूसच. न्हावा शेवा बंदराच्या यार्डात सुपरवायझर असताना मी हेच तत्त्व पाळलं. नाव ठेवलं मुकादम.

संध्याकाळ
आशालताने दारातच अडवलं. म्हणे, जिम सोडलीत, हार्मोनियम माळ्यावर गेली, आता या म्हाताऱ्या जीवालाही कंटाळून परत सोडणार? मग आजच नेऊन द्या. बायकोने नवऱ्याच्या निश्चयाबद्दल असं बोलावं! मी छातीवर हात मारून सांगितलं, अख्खा श्रावण पाळून दाखवतो. मासळीचा काटा जरी तोंडात गेला तर कुत्रा परत. ती म्हणाली, "तुमी बोललाव, मी ऐकलंय. आता माघार नाय."

२५ जुलै, शुक्रवार
श्रावण सुरू. मुकादमालाही पाळायला लावणार. घरातले दोन्ही पुरुष शुद्ध. आशालता म्हणाली, मुक्या जनावराला कशाला? शिस्त म्हणजे शिस्त. दोघांनाही वरणभात.

२६ जुलै
स्वप्नात पापलेट. झोपेतलं धरत नाहीत.

३० जुलै
मुकादम वरणभाताला तोंड लावत नाही. कडक उपास करतो. हट्टी आहे. थेट माझा स्वभाव.

३ ऑगस्ट, रविवार
राखणीची पहिली परीक्षा. मांजर आत आलं आणि मुकादमाला टेकून झोपलं. याने डोळाही उघडला नाही. हाताखालच्यांना असाच विश्वास वाटला पाहिजे.
दुपारी मागच्या बाजूने सुकटीचा वास. भिंतीवरून शेजारच्या रूपेशला चांगलं सुनावलं. तो म्हणतो, "काका, आमच्याकडं उपास हाय." चोराच्या उलट्या बोंबा.

६ ऑगस्ट
मुकादमाच्या अंगावर तकाकी आली. पोटही सुटलंय. वरणभात तर ताटलीत तसाच. सात्त्विक अन्न नुसतं समोर ठेवलं तरी लागू पडतं, हा माझा शोध. आशालताला सांगितला. ती पदर तोंडाला लावून आत गेली.

१० ऑगस्ट, रविवार
नारळी पौर्णिमा झाली. दर्याला नारळ दिला. आमच्यातली कितीतरी घरं पौर्णिमेलाच श्रावण सोडतात, मग आपण कोण मोठे लागून गेलो? प्रश्न निव्वळ तात्त्विक आहे. चर्चेसाठी जासईला जुना दोस्त काशिराम याच्याकडे जातो.

संध्याकाळ
चर्चा लांबली. काशिरामच्या घरी कोळंबीचं कालवण होतं. आग्रह मोडणं हे श्रावणातलं मोठं पाप. शिवाय अट काट्याची होती, आणि कोळंबीला काटा नसतो. हात साबणाने धुतले, मग लिंबाने. वर बडीशेप. कुणाच्या बापाला कळणार नाही.

नंतर
आजवर मी आल्यावर मुकादम कधी उठला नव्हता. आज धडपडत उठला. शेपटी हलवत उजव्या हाताचं एकेक बोट चाटलं. मग पुढचे पाय माझ्या छातीवर टेकून मिशी चाटली. आशालता समोर उभी.
जेवण गेलं नाही. मुकादम परत शेल्टरच्या त्या कोपऱ्यात जाऊन बसणार, हेच डोळ्यांसमोर. लबाड कुत्रा. फितूर. फार जीव लावलाय मेल्याने.

११ ऑगस्ट, श्रावणी सोमवार
सकाळी ठणकावून सांगितलं. अट मी घातली, मोडली मी, शिक्षा मला. कुत्रा जाणार नाही. हवं तर मी घर सोडतो.
आशालता म्हणाली, "तुमी जा की. तो नाय जायाचा." आणि मला मागच्या पडवीत नेलं. कोनाड्यात डबा, डब्यात सुकट. पहिल्या दिवसापासून त्याला सुकट-भात घालते, हात धुते आणि मग देवाला दिवा लावते. मी म्हटलं, मग अट कशाला मान्य केलीस? म्हणाली, तुम्ही निदान काहीतरी पाळाल म्हणून. "म्हाताऱ्याला कोन परत देतं? तुमाला नाय ठेवला?"

दुपार
चौकशीला शेल्टरमधून मनिषाचा फोन. सांगितलं, घरात घुसलेला चोर पकडून दिला त्याने. कोण ते विचारू नका.
मुकादम आशालताच्या पायाशी घोरतोय. रूपेशची माफी मागायची राहिली आहे. उद्या बघू.
जेवायला वरणभात. श्रावण पाळणारा घरातला पुरुष आता मी एकटाच.