तळ्याचा पडदा आणि नातीची कात्री

बाबूजी, तुमच्या फोटो स्टुडिओतला तळ्याचा पडदा माझ्या नातीला हवा आहे. पाहायला नव्हे, कापायला. तिला त्याचा कोट शिवायचा आहे. तुम्ही तिला पाहिलं नाही, ती तुमच्यानंतर पुष्कळ वर्षांनी आली. नागपूरला कपड्यांचं डिझाइन शिकते, शेवटचं वर्ष आहे. तिथे परीक्षा म्हणजे पेपर नसतो. विद्यार्थ्यांनी शिवलेले कपडे घालून मुली एका लांब पट्टीवरून चालत येतात, वळतात, परत जातात, आणि शिकवणारे खुर्चीत बसून पाहतात. तिनं मला विचारलं, "आबाजी, देता का?" मी म्हटलं, "थांब, विचारून सांगतो." ती म्हणाली, "कोणाला?" घरात आता माझ्याहून मोठं कोणी नाही, म्हणून तिला नवल वाटलं. मी तेव्हापासून तुम्हालाच विचारतो आहे.

पडदा इतकी वर्षं तसाच होता. हिंगणघाटच्या गिरणीचं ते जाडंभरडं कापड, त्यावर तुम्ही एक उन्हाळाभर दुकान अर्धं बंद ठेवून काढलेलं तळं, काठावरचा दगडी जिना, दोन हंस. एक हंस जरा बदकाकडे झुकला आहे, हे मी तुम्हाला कधी बोललो नाही. आपल्या वेणा नदीला उन्हाळ्यात घोटाभर पाणी, पण तुमचं तळं काठोकाठ. शाळेच्या पुस्तकात नदीची कविता आली तेव्हा वर्गातली सगळी पोरं खिडकीबाहेर पाहत होती. मला मात्र तुमचं तळं दिसत होतं, आणि कविता त्याच्यावरच लिहिली असावी असं मी मनाशी धरून होतो. आजही ती कविता तोंडात आली की रंगातल्या तारपिनचा वास येतो.

ती कविता तुम्ही कामाला लावलीत. डार्करूममध्ये लाल दिवा, तुम्ही कागदावर उजेड सोडायचात आणि मला म्हणायचात, "हं, म्हन." घड्याळ अंधारात दिसत नसे, म्हणून माझं कडवं हेच तुमचं घड्याळ. कडवं संपलं की उजेड बंद. मी एकदा खेळायला जायच्या घाईत भराभर म्हटलं. ट्रेमध्ये फोटो उमटला तो नुसता पांढराफटक, नवरदेवाला नाकच नाही. तुम्ही म्हणालात, "काऊन पळवतं रे कविता? दमानं म्हन. मानसाचं नाक गेलं ना." पुढे चाळीस वर्षं मास्तरकी केली, पण कविता कशी वाचावी हे मला यापेक्षा चांगलं कोणी सांगितलं नाही.

आणि ते देऊळ. तळ्याच्या पल्याड तुम्ही एक देऊळ काढलं होतं, कळसासकट. मग एक दिवस एक नवं जोडपं आलं, दोघं पांढऱ्या स्वच्छ कपड्यांत. दीक्षा घेतलेलं घर. नवरदेव पडद्यापुढे उभा राहिला, मागे वळून पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, "भाऊ, मांगचं देऊळ नोको. आमी ते सोडलं आता." तुम्ही त्यांना बसवून घेतलंत, चहा दिलात, रंग कालवलात आणि त्यांच्यादेखत देवळावर झाड काढलंत. रंग वाळेस्तोवर ती दोघं बाकावर बसून होती. पुढच्याच हप्त्यात दुसरे लोक भांडायला आले: आमचं देऊळ काऊन पुसलं? तेव्हा तुम्ही वेगळ्या कापडावर दुसरं देऊळ रंगवलंत, त्याला ब्लाउजचे हूक शिवलेत, आणि झाडावर ते अडकवायची सोय केलीत. त्यानंतर दुकानात पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाला तुमचा पहिला प्रश्न असे, "देऊळ का झाड?" गावातल्या निम्म्या भिंतींवर देऊळ आहे, निम्म्या भिंतींवर झाड. तळं सगळ्यांच्या मागे तेच.

रंगीत फोटो आले आणि लोकांना मागे नुसता निळा कपडा हवा झाला. पडदा गुंडाळून माळ्यावर गेला. पावसाळ्यात दुकानापुढे पाणी येतं तर याचीच ताडपत्री करू, असं काका म्हणाले, तेव्हा तुम्ही त्यांच्याशी दोन दिवस बोलला नाहीत. जेवायला शेजारी बसायचात, पण मीठ मागायचं तर मला सांगायचात. म्हणून तुमचं उत्तर मला ठाऊक आहे. तरीही विचारतो आहे, हेच मला नीट कळत नाही.

गेल्या रविवारी नात आली ती एका मुलाला घेऊन. कानात बाळी, केसांचा अर्धा भाग पिवळा, फोटो काढणारा. मला वाटलं होतं मोबाइलवर काढेल, तर त्याच्याकडे तुमच्यासारखा रोलचा कॅमेरा. मी खूश झालो. मग त्यानं आपले फोटो दाखवले. सगळ्यांत ओरखडे, कुठे उजेड शिरलेला, कुठे माणूस हललेला. मी म्हटलं, "बाळा, कॅमेरा दुरुस्त करून घे." तो म्हणाला, "आबाजी, हे मुद्दाम आहे." तुम्ही बारीक टोकाच्या पेन्सिलीनं निगेटिव्हवरचा एकेक ठिपका बुजवत डोळे घालवलेत, आणि हा ओरखडे पाडतो आणि त्याला शाबासकी मिळते. नातीनं माझ्याकडून नदीची कविता म्हणवून घेतली, चालण्याच्या संगीतासाठी. नंतर कानाला लावून ऐकवलं तर त्यात माझा एकच शब्द, "वाहते, वाहते, वाहते", आणि खाली ढोलासारखं धाडधाड. "बाकीची कविता कुठे गेली?" मी विचारलं. "आहे ना आबाजी, ती लोकांच्या डोक्यात वाजेल." तिला माझी चेष्टा करायची नव्हती. तिचा खरोखर विश्वास होता. मला तो कोठून आणावा कळेना.

कापायच्या आधी पडद्याचे फोटो घ्यायचे म्हणून अंगणातल्या तारेवर तो लावला. रस्त्यानं एक आजीबाई चालल्या होत्या, देवळावर झाड काढून घेणाऱ्या त्या जोडप्यातल्या, पांढऱ्या लुगड्यातल्या नवरीबाई. त्यांचे मालक जाऊन बरीच वर्षं झाली. आता काठी टेकत नातवाच्या शाळेपर्यंत जातात. फाटकातून पडदा दिसला, तशा त्या आत आल्या, स्टुलावर ताठ बसल्या, हात गुडघ्यांवर. कोणी बोलावलं नव्हतं. मग मला म्हणाल्या, "गुरुजी, पाहा बरं, देऊळ लटकवलं तं नाई ना?"

"नाही आजी, झाड आहे."

"मंग काढू द्या त्या पोराले."

बाळीवाला म्हणाला, "आजी, हसू नका, कॅमेऱ्याकडे बघू नका." त्या म्हणाल्या, "मंग काय भिंतीकडं पाहू? तुह्या कॅमेऱ्याले लाज वाटते का रे?" आणि पाहायचं तिथेच पाहत राहिल्या. फोटो झाल्यावर मी त्यांना सांगितलं की नात हे कापणार आहे. मला वाटलं त्या रागावतील आणि माझा प्रश्न सुटेल. त्या उठल्या, प्रथमच वळल्या, पडद्याजवळ गेल्या आणि हंसाला बोट लावून पाहिलं. "हे असं व्हय का," म्हणाल्या. "आमी तं याच्याकडं पाठ करून बसलो. घरी फोटोत इवलुसं दिसते." मग नातीला म्हणाल्या, "तळं पाठीवर येऊ देजो बाई. मांगून चालनाऱ्याले दिसलं पाह्यजे." आणि काठी उचलून गेल्या.

त्यानंतर मला नाही म्हणवेना. आजीबाईंचं खरं की तुमचं, हे अजून ठरलेलं नाही. नातीनं रंग झडू नये म्हणून कसलंसं पारदर्शक रसायन फिरवलं, खडूनं रेघा मारल्या, आणि मला म्हणाली, "दुसरं टोक धरा." मी धरलं. तुम्ही असता तर माझ्याकडे न बघता काकांना मीठ मागितलं असतंत.

हे पत्र तुम्हाला कुठे धाडता येणार नाही, आणि आलं असतं तरी मी धाडलं नसतं, कारण त्यात मी परवानगी मागतो आहे असं दिसतं, आणि ती मागायची वेळ टळून गेली आहे. कोट तयार झाला. वजन खांद्यावर कसं पडतं ते पाहायला तिनं तो माझ्या अंगावर घातला आणि म्हणाली, "आबाजी, फाटकापर्यंत चालून दाखवा." मी चाललो, वळलो, परत आलो. एक शिवण उसवायची म्हणून ती कात्री आणायला आत गेली. मग मी कोट घालूनच पुन्हा एकदा फाटकापर्यंत जाऊन आलो. ते तिनं सांगितलं नव्हतं.