आपल्याच संघाची हुर्यो

मिहोरी, नोव्हेंबरचा दुसरा आठवडा

प्रिय चिझुकोताई,

वाकून नमस्कार. तुझा उजवा गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात मी डाव्याची चौकशी केली होती, तेव्हा उजव्याला वाईट वाटायला नको. ओतारूला बर्फ पडायला लागलं असेल. इथे अजून नुसता वारा आहे, पण तो समुद्रावरून असा येतो की परवा मी रंगवलेली मासळीबाजाराची पाटी उडाली ती थेट दंतवैद्याच्या दारात जाऊन पडली, आणि दोन बायका तिथे बांगडे मागायला गेल्या. (पत्राची सुरुवात हवापाण्याने करावी, असं तूच शिकवलंस. तेवढं झालं.)

आता तू टीव्हीवर जे पाहिलंस त्याबद्दल. नाकारण्यात अर्थ नाही. ज्या म्हाताऱ्याचं उघडं तोंड त्यांनी तीन वेळा दाखवलं, त्यातही एकदा हळूहळू, तो मीच. तो वरचा सोन्याचा दातही माझाच.

आमचा संघ यंदा त्याआधी ओळीने नऊ सामने हरला होता, हे तुला ठाऊक नसणार; तुला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, आणि माझी सुमिए वारल्यावर मी दर पंधरवड्याला त्या मैदानात जाऊन का बसतो, हे तू कधी विचारलं नाहीस, त्याबद्दल मी तुझा आभारी आहे. तिसऱ्या विभागात आम्ही तेव्हा तळाला होतो. तिथेच राहिलो तर लीगमधूनच बाहेर, आणि मग हा क्लब तरी राहील का, हे कोणी छातीठोकपणे सांगत नाही. तरीही आमच्या गोलामागच्या स्टँडमधले आम्ही तीनेकशे लोक प्रत्येक हरलेल्या सामन्यानंतर टाळ्या वाजवतो. हा नियम आहे, आणि तो मीच केला आहे. चौदा वर्षांपूर्वी एका एकोणीस वर्षांच्या पोराची लोकांनी इतकी हुर्यो उडवली की तो मैदानातच रडला आणि पुढच्या वर्षी खेळ सोडून गावी गेला. तेव्हा मी सहा हात लांब कापडावर रंगवलं: ‘रागवायचं असेल तर घरी. ही आपली माणसं आहेत.’ तो फलक आजही कठड्याला बांधलेला असतो. (अक्षर चांगलं आलंय. ‘माणसं’ जरा दाटीत गेलं, कारण कापड संपत आलं होतं.)

तर त्या रविवारी आम्ही अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटापर्यंत एका गोलने पुढे होतो. शेजारचा ओगिसोसुद्धा, म्हणजे तो नूडल्सवाला, ज्याचा घसा रश्शाच्या वाफेने कायमचा बसलाय, तोही गात होता. आणि मग आमचा गोलरक्षक मुरोया एक साधा, वरून येणारा चेंडू पकडायला पुढे धावला आणि त्याने मुठी भरून नुसती हवा पकडली. एक-एक. तीन मिनिटांनी दुसरा चेंडू त्याच्या दोन पायांमधून गेला, इतक्या सावकाश की मला वाटलं तो परवानगी मागून जातोय. एक-दोन. सामना संपला. नेहमीप्रमाणे सगळे खेळाडू ओळीने आमच्यासमोर आले, वाकले. नेहमीप्रमाणे टाळ्या सुरू झाल्या. मीही हात वर केले होते, ताई, शपथेवर सांगतो. तेवढ्यात ओळीत टोकाला उभ्या असलेल्या एका पोराने, यंदाच नवा आलाय, वाकल्या-वाकल्या जांभई दिली.

माझ्या पोटातून जे निघालं ते माझ्या ओळखीचं नव्हतं. बंदरात धुकं पडल्यावर बोटी भोंगा देतात ना, तसं काहीतरी. आणि नेमक्या त्याच क्षणी टाळ्या थांबल्या होत्या. सगळ्या मैदानात माझी एकट्याची हुर्यो. त्याहून वाईट म्हणजे जांभईवाला होता त्या टोकाला, आणि माझ्या अगदी समोर, दहा हातांवर, होता मुरोया. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा वाकला. पहिल्यापेक्षा जास्त. मग माझ्या मागून वीस-पंचवीस जणांनी सूर लावला. गेली चौदा वर्षं ते कोणीतरी सुरुवात करण्याचीच वाट पाहत असावेत.

आमच्या स्टँडच्या समितीची बैठक ओगिसोच्या दुकानात वरच्या मजल्यावर झाली. अध्यक्ष हिराओका. तो नगरपालिकेत जन्ममृत्यूच्या नोंदी करतो आणि माणसाकडे नेहमी त्यातल्या दुसऱ्या नोंदीच्या नजरेने बघतो. त्याने टाळ्यांच्या नियमाचं कलम चौथं वाचून दाखवलं. मी म्हटलं, “बाबा रे, ते मीच लिहिलंय.” तो म्हणाला, “म्हणूनच हळू वाचतोय, तोमिजीकाका, तुम्हाला आठवायला वेळ मिळावा.”

ओगिसो माझ्या बाजूने उभा राहिला. “माझा रस्सा खारट झाला तर गिऱ्हाईक वाडगा अर्धा टाकून जातं,” तो म्हणाला. “कोणी टाळ्या वाजवत नाही. टाळ्या वाजवल्या असत्या तर वीस वर्षं मी खारटच रस्सा केला असता.”

“अजूनही खारटच आहे,” मागून कोणीतरी म्हणालं.

“आणि गिऱ्हाईक स्वयंपाकघरात येऊन तुझ्या तोंडावर बोंब मारत नाही,” हिराओका म्हणाला. “त्या वाकलेल्या माणसाने जायचं कुठे?”

तो म्हणत होता ते खरं होतं. ओगिसो म्हणत होता तेही खरं होतं. निकाल असा लागला की मी लेखी माफीनामा द्यायचा, आणि समिती तो मंजूर करेपर्यंत स्टँडमध्ये पाय ठेवायचा नाही.

मला दोन रात्री झोप नाही. तिसऱ्या दिवशी लाल चवळीच्या गोड वड्यांचं खोकं घेऊन मी सरावाच्या मैदानावर गेलो आणि मुरोयासमोर इतका वाकलो की पाठीतून आवाज आला. त्याला जांभईचं सांगणार होतो, पण मग वाटलं, स्वतः सुटण्यासाठी एका पोराचं नाव पुढे करायचं? मग नुसतं खोकं पुढे केलं. मुरोया एकतीस वर्षांचा आहे, दाराच्या चौकटीएवढा. तो उलट मलाच सावरत म्हणाला, “असू द्या हो. खरं सांगू? बरंच वाटलं. नऊ सामने सगळे टाळ्या वाजवतायत. आजाऱ्याला भेटायला आल्यासारख्या. मला वाटायला लागलं होतं, डॉक्टरांनी यांना काहीतरी सांगितलंय.” मी हलक्या मनाने घरी आलो. आपण पोराचं भलंच केलं, असं वाटून एक पेलाभर साकेही घेतली.

पुढच्या घरच्या सामन्याला मी मुख्य स्टँडमध्ये तिकीट काढून बसलो. (इथे खुर्च्यांना पाठ असते, ताई! सतरा वर्षं मला कोणी बोललं नाही.) टोपी नाकापर्यंत ओढलेली. शेजारी साठीच्या एक ठेंगण्या बाई, मांडीवर घडी घातलेली शाल. पहिली वीस मिनिटं त्यांनी नुसता सामना पाहिला. मग मैदानावरची नजर न काढता म्हणाल्या, “टीव्हीवर तुमचा दात जास्त चकाकत होता.”

त्या मुरोयाच्या आई. किनुए त्यांचं नाव. मी उठून जायला निघालो तर माझी बाही धरून त्यांनी मला खाली बसवलं. मी म्हटलं की मी त्यांच्या मुलाला भेटलो, त्याला तर उलट बरं वाटलं. त्या म्हणाल्या, “तो सगळ्यांना तसंच सांगतो. घरी येऊन दीड तास न्हाणीघरात बसला होता. पाणी गार होऊन गेलं तरी बाहेर येईना. मी दाराबाहेर बसून राहिले, आतून आवाज येतोय ना एवढं ऐकत.”

ताई, मला त्या पाठवाल्या खुर्चीतसुद्धा बसवेना. मी काय बोललो आठवत नाही. बहुतेक ‘माफ करा’च सात-आठ वेळा म्हणालो असेन. त्या म्हणाल्या, “तुमचा राग नाही मला. तुम्हाला मी वर्षानुवर्षं त्या कोपऱ्यात बघते, पावसात प्लास्टिक पांघरून. जो एवढा बसतो त्याने एकदा ओरडावं. तुमच्या मागून जे ओरडले ना, ते त्या दिवशी पहिल्यांदा आले होते. त्यांचा राग आहे.” मग शालीची घडी सारखी करत म्हणाल्या, “आणि चेंडू तर त्याने सोडलाच होता. मी काय आंधळी आहे?”

त्या दिवशी मुरोयाने पेनल्टी अडवली. मी उडालो आणि किनुएबाईंचा चहा माझ्या विजारीवर सांडला. पण सत्तराव्या मिनिटाला त्याने घाईघाईत चेंडू थेट समोरच्या संघाच्या माणसाला देऊन टाकला आणि गोल झाला. सामना एक-एक सुटला. दहा सामन्यांनंतर पहिला गुण! समोर आमचा स्टँड नाचत होता, ओगिसो ढोल बडवत होता, हिराओका रडत होता (नोंद करून ठेवली असेल). तिथून खेळाडू ओळीने मुख्य स्टँडसमोर आले, वाकले. टाळ्यांचा नुसता पाऊस. आणि त्या पावसात किनुएबाई उठल्या, शाल नीट खांद्यावर घेतली, दोन्ही हात तोंडाशी नेले आणि अशी हुर्यो उडवली की पुढच्या रांगेतलं बाळ जागं झालं.

लोक वळून बघायला लागले. एक सुटातले गृहस्थ म्हणाले, “अहो बाई, बरोबरी झाली आहे आपली! आपल्याच माणसांची हुर्यो उडवता?”

“माझंच आहे ते,” त्या म्हणाल्या. “तिसरीत असल्यापासून सांगतेय, आधी बघ, मग पाय उचल.”

खाली मुरोयाने मान वर केली. आईला बघितलं आणि तो हसला, ताई. हसत हसत पुन्हा एकदा वाकला, फक्त तेवढ्या एका खुर्चीकडे तोंड करून. बाई खाली बसल्या आणि बराच वेळ शालीच्या टोकाने डोळे पुसत होत्या. मीही माझी विजार पुसत होतो, त्यामुळे कोणी कोणाकडे बघितलं नाही.

तेव्हा आपल्या संघाची हुर्यो उडवावी की नाही, हे तू मला विचारू नकोस. मला आता पूर्वीपेक्षा कमी कळतं. अजून दोन सामने उरलेत आणि आम्ही तळापासून एकाने वर आलो आहोत. गुडघ्यांना जप. दोन्ही.

तुझा भाऊ,
तोमिजी

ता. क. मुख्य काम राहिलंच. तो माफीनामा अजून दिलेला नाही. तू चाळीस वर्षं मुलांना निबंध शिकवलेस, तर एक मसुदा लिहून पाठव. मी माझ्या अक्षरात उतरवून काढीन.

दुसरा ता. क. मसुदा असा हवा की समितीने तो नामंजूर करावा. निदान मोसम संपेपर्यंत तरी. हिराओकाला शुद्धलेखनाच्या चुका सहन होत नाहीत. सढळ हाताने घाल. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच तुला हे करायला कोणी सांगत असेल, पण माझ्या पाठीला त्या खुर्चीने खरंच आराम पडतो.

तिसरा ता. क. निघताना किनुएबाईंनी मुळ्याच्या लोणच्याचा डबा हातात ठेवला. डबा रिकामा परत करू नये, इतपत मला कळतं. पण सुमिए गेल्यापासून मी भाताखेरीज काही शिजवलेलं नाही. त्यात काय घालून द्यावं, ते पत्राने नको, फोनच कर. सामना या रविवारी आहे.