घरगुती म्हणून वगळलेला विषय

मी, देवीदास गोमाजी टेंभुर्णे, वय ६५, निवृत्त ग्रामसेवक, रा. मौजा खैरीटोला, ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया, लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. अक्षर वाकडे आले आहे ते जागरणाने. हा कागद कोणाच्या सांगण्यावरून केलेला नाही.

१) दोन एकर धानाची शेती मुलगी समीक्षा हिला. ती नागपूरला नोकरी करते. आईसाठी नोकरी सोडून ये, असे मी तिला दोनदा म्हणालो, याचे वाईट वाटते. माझ्यामागे तिला हे कोणीही सुचवू नये.

२) कॅरम बोर्ड मित्र दुर्गाप्रसाद, निवृत्त लेखा लिपिक, यांना. ते खेळात लबाडी करतात, तरी द्यावा. निवृत्तीनंतर मी गावात म्हाताऱ्यांच्या देखभालीसाठी पगारी सेविका नेमण्यासाठी सात अर्ज केले. "या कामाले लेखाशीर्षच नाही, तं पैसा कोठून टाकतील?" हे मला त्यांनीच समजावले. नालीला लेखाशीर्ष, म्हणजे सरकारी खर्चाचा रकाना, आहे, स्मशानशेडला आहे. मरायच्या आधीच्या वर्षांना नाही.

३) राहते घर पत्नी दुर्गा हिचे, ती आहे तोवर. चार वर्षांपूर्वी तिला लकवा झाला. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. मी आधी गेलो तर ते कोण करील, याचे उत्तर मी या कलमात चारदा लिहिले आणि चारदा खोडले.

येथे एक गोष्ट नोंदवणे भाग आहे. १ मे २०१६ च्या ग्रामसभेत, मी सचिव असताना, शेतमजूर शकुंतलाबाई उभी राहिली. तिची सासू अंथरुणाला खिळली होती. ती म्हणाली, "सचिव साहेब, बुढीले उचलू का रोवणीले जाऊ? गावच्या आराखड्यात दोन घंट्याची पगारी बाई टाका." लोक हसले. मीही हसलो. ठराव बहीत मी लिहिले: एका महिलेने मांडलेला विषय घरगुती असल्याने विचारात घेतला नाही. नावसुद्धा घातले नाही.

जुलैत ती धानाच्या रोवणीला गेली असताना सासू खाटेवरून पडली आणि संध्याकाळपर्यंत जमिनीवरच होती. पोळ्याच्या आत गेली. मी मातीला गेलो, पण शकुंतलाबाईच्या समोर जायची हिंमत झाली नाही.

दुर्गा लकव्याने अंथरुणाला खिळली तेव्हा हीच बाई न बोलावता आली. कूस कशी बदलायची, पाठीला जखम होऊ नये म्हणून काय करायचे, सारे तिने शिकवले. मी पैसे पुढे केले तर म्हणाली, "तुमचा पैसा नोको. मी तं गावाले मांगली होती." त्या ग्रामसभेबद्दल चार वर्षांत एवढेच बोलली.

म्हणून तिला या मृत्युपत्रात काही ठेवलेले नाही. तिचे मागणे माझ्या घरातून देता येण्यासारखे नाही.

४) दुर्गाच्या पश्चात घर ग्रामपंचायतीला, पण म्हाताऱ्यांच्या देखभालीसाठी दोन सेविकांचा पगार आराखड्यात घेतला व सलग तीन वर्षे दिला तरच. नुसता फलक लावून कुलूप घातले तर घर समीक्षाचे. घर दिल्याने सरकारची जबाबदारी फिटत नाही. गावनिधी पुरणार नाही, हे मी हिशेब लिहिणारा माणूस जाणतो. ठराव जिल्ह्याला आणि मुंबईला पाठवावा, उत्तर आले नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा.

५) हवेची गादी व मी बनवलेली शौचासाठीची भोकाची खुर्ची गावात जो पुढे अंथरुणाला खिळेल त्याची. जात-पात, पार्टी पाहू नये.

६) ठरावाचा मसुदा सोबत जोडला आहे. सूचक म्हणून माझे नाव घालू नये. ते नाव नऊ वर्षांपूर्वीच ठरले होते.

वाचून, समजून सही केली.

देवीदास गोमाजी टेंभुर्णे

साक्षीदार:
१. शकुंतलाबाई गोवर्धन शहारे, धंदा शेतमजुरी व रुग्णाची देखभाल
२. हेमराज मनीराम कापगते, धंदा शेती

ठिकाण: राहते घर, खैरीटोला. दुर्गाजवळ बसायला दुसरे कोणी नसल्याने नोंदणीसाठी तालुक्याला जाता आले नाही. साक्षीदार क्र. १ यांनी आजची रोवणी बुडवली.
दिनांक: १९ जुलै २०२५